आंबट आणि आंबूस

सोमवार, १६ जून

बालवाडी आज उघडली. पहिल्या दिवसाची रडारड आटोक्यात आणता आणता घसा बसला. त्यात पवईहून संस्थेच्या जान्हवी मॅडम आल्या. मॅडम म्हणायचं आपलं, वयाने माझ्या भाचीएवढी आहे. पण पोरगी अभ्यासू आहे, उगाच नावं ठेवणार नाही. तिचं म्हणणं असं की लहान मूल आधी नाकाने जग ओळखतं, आईलासुद्धा वासावरून शोधतं. आणि आपण शाळेत डोळ्यांना काम देतो, कानांना देतो, हातांना देतो. नाक मात्र नुसतं पुसतो. हे मला पटलं.

यंदा संस्थेच्या सगळ्या बालवाड्यांत वासाचे खेळ घ्यायचे आहेत. सुरुवात आमच्या विक्रोळीपासून, कारण काय, तर पद्मजाताई सगळ्यांत अनुभवी. मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

आता जे कुठेच बोलता येत नाही ते इथे लिहिते. मला वास येत नाही. कशाचाच नाही. साथीच्या दुसऱ्या वर्षी गेला तो गेलाच. इतरांचा महिन्याभरात परत आला, माझा नाही आला. तेव्हा हे ऑक्सिजनवर होते. घरी आणलं त्या दिवशी जिना चढून दारात आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि धाप लागलेली असताना मला विचारलं, "तुका वास येता काय गो आता?" मी हो म्हटलं. तशा माणसाला आणखी एक काळजी कशाला द्यायची? ते 'हो' मग तसंच राहून गेलं. आज चार वर्षं झाली, घरात ना शाळेत कोणाला पत्ता नाही.

नियम असा आहे की खाऊ मुलांपुढे ठेवण्याआधी बाईंनी त्याचा वास घ्यायचा आणि चाखायचा. ते काम मी आमची मदतनीस शकु हिच्याकडून करून घेते. "शकु, तुझ्या नाकावर माझा भरवसा" म्हटलं की ती खूश. पण हे बाहेर पडलं तर? नासलेलं दूध जिला कळत नाही तिच्या हाती पोरं कोण सोपवील? मी स्वतः सोपवली नसती. या बालवाडीशिवाय मला दुसरं काही येत नाही, हेही खरं.

बुधवार, १८ जून

ह्यांची स्वयंपाकघरातली लुडबुड आधीही होती, रिटायर झाल्यापासून फारच वाढली आहे. आज सकाळी दुधाचं पातेलं मोरीत ओतून मोकळे. म्हणे मांजराने तोंड घातलं. तिसऱ्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीतून मांजर आलं कुठून, देव जाणे. गॅसपाशी नाक वर करून उभे राहतात. रेग्युलेटर मी बंद केलेला असला तरी पुन्हा हात लावून बघतात. मासळी मला आणूच देत नाहीत. कोळणी तुला फसवतात म्हणे. मला! घाटकोपरच्या बाजारात वाढले मी.

आणि बाहेरून आले की बातम्या सुरू. खाली कोणाकडे सुकट भाजतायत, जिन्यात फिनेल टाकलंय, शेजाऱ्यांनी धूप लावलाय. पूर्वी हा माणूस जेवतानासुद्धा तोंड उघडत नसे. रिटायर झाल्यावर पुरुषांचं असंच होतं म्हणतात.

एक मात्र मानलं पाहिजे. आजारपणानंतर सिगरेट सुटली ती सुटली. डॉक्टरांना जुमानणारे नव्हेत हे. भीती होती ती माझ्या नाकाची. एक झुरका मारून, वर बडीशेप चघळून, हात धुऊन आले तरी मी दारातच पकडायची, आणि मग सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं भांडण व्हायचं. ते नाक आता राहिलं नाही हे त्यांना कळलेलं नाही, म्हणून बरं.

शुक्रवार, २० जून

वासाचा पहिला तास. मॅडमच्या पेटीत छोट्या बाटल्या होत्या, लॅव्हेंडर, व्हॅनिला, रोझमेरी. मुलांना गोल बसवलं, बाटली फिरवली आणि विचारलं, "वास येतोय का?" अख्ख्या वर्गाने नाकं दाबली.

चूक माझीच. आपल्यात नुसतं 'वास येतोय' म्हटलं की नाक दाबायचंच असतं. वास येतो तो दुधाला, मोज्यांना, नाल्याला. फुलाला येतो तो सुवास. आणि या दोहोंच्या मधे जे काय असतं त्याला आपण काही म्हणतच नाही.

मग म्हटलं, बरं, कशासारखा आहे ते सांगा. सिद्धेश म्हणाला, संडासातल्या गोळीसारखा. मीरा, म्हणजे भीमराज रिक्षावाल्याची मुलगी, बराच वेळ डोळे मिटून बसली आणि म्हणाली, "पप्पांच्या रिक्षात मागे डबी चिकटवलीये तिचा." मी पेटी बंद करून कपाटावर ठेवली. रोझमेरी या मुलांच्या घरी नाही, माझ्याही नाही. ज्याची आठवणच नाही ते ओळखायचं कसं?

गुरुवार, २६ जून

आपल्याच घरातले वास घ्यायचे ठरवलं. शकु आणि मी मसाल्याच्या रिकाम्या बरण्या धुतल्या, आतलं दिसू नये म्हणून बाहेरून कागद लावला, झाकणांना भोकं पाडली. ओवा, कापूर, कॉफी, मोगरा, सुका जवळा, खोबरेलात बुडवलेला कापूस, पेन्सिलीची सालं. जवळ्याला शकु नको म्हणत होती, कोणीतरी तक्रार करील म्हणून. मी म्हटलं, अर्ध्या वर्गाच्या घरी रोज तोच असतो, कोणाची तक्रार?

झाकणं वेगवेगळ्या रंगांची घेतली आहेत. लाल मोगरा, निळा जवळा, पिवळा ओवा, असे सगळे रंग पाठ केले. एवढं झालं की नाकाचं काही अडत नाही.

मंगळवार, १ जुलै

वाट लागली होती, थोडक्यात वाचले.

शकुने काल बरण्या उन्हात ठेवल्या आणि झाकणं आपल्या मनाने लावली. मला काय माहीत? मी वर्गासमोर लाल झाकणाची बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हटलं, "अहाहा! मोगरा!"  मग बरणी मीराकडे गेली, मीराकडून सिद्धेशकडे, आणि वर्ग जो काय हसला, दोन पोरं लोळायला लागली. आत जवळा होता.

संपलं सगळं, वाटलं. दारात शकु उभी होती. पण सिद्धेश ओरडला, "बाई फसल्या! बाई फसल्या!" आणि मला एकदम सुचलं. मी कपाळावर हात मारून म्हटलं, बघा, बाईंचं नाक किती वेडं आहे, आता तुम्हीच बाईंना शिकवा. पुढचा सगळा तास त्यांनी मला शिकवलं. शकुलाही वाटलं मी मुद्दाम केलं.

सोमवार, ७ जुलै

'बाईंना फसवा' हा आता आमचा रोजचा खेळ झाला आहे. मुलं झाकणं अदलाबदल करतात, मी वास घेते, ठासून चुकीचं नाव सांगते. मग त्यांनी मला पटवून द्यायचं की ते कसं चूक आहे. नुसतं 'चूक' म्हटलेलं चालत नाही, वास कसा आहे ते सांगावं लागतं. चार वर्षांच्या पोरांना हे किती अवघड जातं! आणि किती सुंदर सांगतात! कापूर म्हणजे नाकात थंड वारा जातो आणि मग टोचतो. मोगरा म्हणजे आजी लग्नाला निघाली. जवळा म्हणजे भूक लागली. हे शेवटचं मीराचं. ती घाई करत नाही, बरणी नाकाशी धरून छताकडे बघत राहते.

माझ्याकडे शब्द आहेत पण वास नाहीत. त्यांच्याकडे वास आहेत पण शब्द नाहीत. म्हणून मी शब्द द्यायला लागले. खमंग, खरपूस, कुबट, खवट, उग्र. त्यासाठी शिळ्या ताकाची एक बरणीही केली. मीराने विचारलं, आंबट आणि आंबूस यात फरक काय? मी सांगितलं, आंबट म्हणजे चिंच, कैरी, ते जिभेला कळतं आणि चांगलं असतं. आंबूस म्हणजे बिघडायला लागलेलं. ते जिभेच्या आधी नाकाला कळतं, आणि नाकाने सांगितलं की ऐकायचं.

सिद्धेश मात्र जाताना शकुला म्हणाला, बाई मुद्दाम हरतात, माझा मामा पण कॅरममध्ये असाच हरतो. जरासा हिरमुसलेला वाटला.

घरी येताना मला रडू आलं. जवळा म्हणजे भूक लागली. कसं विसरले होते मी हे?

रविवार, १३ जुलै

बिल्डिंगची मीटिंग. विषय, खाडीच्या बाजूने येणारा कचऱ्याच्या डंपिंगचा वास. लोक फार चिडले होते. कोणाची मुलं झोपत नाहीत, कोणाला मळमळतं, कोणी म्हणालं घर विकून बदलापूरला जाऊ. मीही रुमाल नाकाला लावून बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या बाजूला जास्त येतो ना हो? मी म्हटलं, असह्य होतं. हे माझ्याकडे बघत होते. मग स्वतःच उठले आणि कधी येतो, कुठल्या वाऱ्याला येतो, कुजक्या भाजीसारखा की जळक्या रबरासारखा, सगळं त्यांनीच सांगितलं. मला काही बोलावंच लागलं नाही. एरवी मीटिंगला तोंड उघडायचे नाहीत.

बुधवार, २३ जुलै

श्रावणाच्या आधीचं शेवटचं म्हणून ह्यांनी खाडीतली कोळंबी आणली. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, ताजी आहे, खाऱ्या पाण्याचा वास येतोय नुसता. मुलांना विचारते तसं विचारावंसं वाटलं, खारा म्हणजे कसा हो? ओल्या दोरीसारखा की नाण्यासारखा? पण विचारलं असतं तर पकडले गेले असते. कालवण केलं. ते जेवताना दोनदा म्हणाले, तिरफळ छान उतरलंय. माझ्या जिभेला मीठ, तिखट आणि आमसुलाचा आंबटपणा एवढंच कळतं, बाकी सगळं आठवणीवर. तरी बरा झाला असावा स्वयंपाक. हे कधीच नावं ठेवत नाहीत, आजारपणापासून तर एकदाही नाही.

गुरुवार, ३१ जुलै

जान्हवी मॅडम अख्खा तास मागे बसून होत्या. तास संपल्यावर माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "ताई, तुम्ही काय हरता! मुलांना खरंच वाटतं तुम्हांला वास येत नाही. हा अभिनय शिकवून येत नाही." मीरा 'कुबट' आणि 'खवट' अशी वेगळी वेगळी उदाहरणं देत होती ते तिने फोनवर घेतलं. आता ऑगस्टअखेरीस पवईला सगळ्या बालवाड्यांतल्या बायकांचं ट्रेनिंग आहे, तिथे ही पद्धत मी दाखवायची. बायका मुलं होतील आणि मी बाई.

खोटं कशाला लिहू, फार आनंद झाला. इतकी वर्षं शिकवते आहे, असं कोणी हात धरून बोललं नव्हतं. आणि आनंद ओसरल्यावर पुढचं दिसायला लागलं. मोठ्या बायका मुलांसारख्या हसून सोडणार नाहीत. कोणीतरी म्हणेल, ताई, आता खरं ओळखून दाखवा. तेव्हा काय करायचं? आजारी पडायचं ठरवून ठेवलं आहे.

सोमवार, ११ ऑगस्ट

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

शकु आज आली नाही, मुलीला ताप. खाऊला मटकीची उसळ होती. मटकी तिने शनिवारी मोड आणायला फडक्यात बांधून ठेवलेली. रविवार मधे गेला, हवा ही अशी दमट. मी उघडली, मोड लांब आले होते, बरंच वाटलं. फोडणीला टाकली, गूळ घातला, आमसूल घातलं. चाखली. आंबट लागली. आमसुलाचा आंबटपणा, म्हटलं. नाकाशी धरायचं नाटक करायलाही कोणी समोर नव्हतं, तेव्हा तेही केलं नाही.

ताटल्या वाढल्या. मीराने ताटली उचलून नाकाशी नेली, छताकडे बघितलं आणि खाली ठेवली. म्हणाली, "बाई, उसळ आंबूस आहे."

मी म्हटलं, आंबूस नाही गं, आंबट. आमसूल घातलंय त्यात.

"आंबट नाही. आंबूस."

आणि मी चिडले. का चिडले ते मला तेव्हाही माहीत होतं. माझ्या डोळ्यांपुढे मॅडम, पवई, संस्थेची माणसं, सगळं उभं राहिलं. मी म्हटलं, नखरे चालणार नाहीत, दुसऱ्यांनाही शिकवतेस, जा, भिंतीकडे तोंड करून बस. ती उठून गेली. रडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली आणि मला फक्त तिची वेणी दिसत होती.

मग सिद्धेशने ताटली सरकवली. मग आणखी एकाने. कोणी काही बोलत नव्हतं, मीराचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं ना. मी पातेल्यात डाव घातला. वर फेस होता, आणि डाव उचलला तशी मटकीला तार सुटली. हे मला दिसत होतं. आधीही दिसलं असतं. मी बघितलंच नव्हतं, कारण बघायला गेले असते तर कबूल करावं लागलं असतं.

सगळ्या ताटल्या ओढून घेतल्या. काही मुलांनी दोन दोन घास खाल्ले होते. त्यांच्या घरी फोन केले, खरं कारण सांगितलं. मीराला भिंतीपासून आणून माझ्याजवळ बसवलं. तिने विचारलं, "बाई, नाकाने सांगितलं की ऐकायचं ना?" मी नुसतं हो म्हटलं.

आमचा सगळा खेळ माझ्यामुळे एका मिनिटात खोटा पडला. पोर खरं सांगत होतं, मीच दिलेल्या शब्दात सांगत होतं, आणि मी तिचा शब्द दुरुस्त करत बसले.

दुपारी जान्हवी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. उसळीचं आणि नाकाचंही.  तिने आधी विचारलं, कोणाला त्रास झाला का? नाही म्हटलं. "ताई, तुम्ही आधी सांगायला हवं होतंत," एवढंच म्हणाली. अभिनयाचं काही बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. वर कळवावं लागेल म्हणाली. मी म्हटलं, कळवा.

संध्याकाळी पुन्हा सगळ्या घरी फोन केले. सगळी मुलं ठीक आहेत.

मंगळवार, १२ ऑगस्ट

वर्गात गोल बसवलं. बरण्या काढल्या नाहीत. शकु आली होती, तिलाही बसायला सांगितलं.

मी म्हटलं, काल मीरा बरोबर होती आणि बाई चूक होत्या. बाई तिला उगाच रागावल्या. मीरा, मला माफ कर. तिने मान हलवली, पण ती अजून माझ्याकडे बघत नव्हती. मग सांगितलं, बाईंना वास येत नाही. बाई आजारी पडल्या होत्या तेव्हापासून त्यांचं नाक झोपलंय ते उठलेलंच नाही. मोगरा नाही, जवळा नाही, काहीच नाही.

"पण तो तर खेळ होता," कोणीतरी म्हणालं.

मी म्हटलं, नाही. मला खरंच कळत नव्हतं. तुम्ही सांगायचात तेव्हाच कळायचं.

मुलं हिरमुसतील, मला फसवी म्हणतील असं वाटलं होतं. सिद्धेश उभा राहिला. तोंड उघडं. डोळे एवढे मोठे.

"म्हणजे आम्ही खरं खरं जिंकत होतो?"

हो रे बाबा, म्हटलं, रोज. वर्गात असा काही दंगा झाला की बाजूच्या दुकानदाराने डोकावून बघितलं. सिद्धेश नाचत होता. मामाशी कॅरम खेळून त्याला जे कधी मिळालं नव्हतं ते आज मिळालं. शकुने पदर डोळ्यांना लावला. मीरा उठली, कपाटातून एक बरणी घेतली, माझ्या शेजारी येऊन बसली. झाकणाचा रंग मला दिसू नये म्हणून मी तो हाताने झाकला. तिने वास घेतला, छताकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही विचारू नका. मी सांगते." मग तिने मला खोबरेल तेल सांगितलं. आई केस विंचरते तेव्हाचं, पण आईला घाई नसते त्या दिवसाचं. हे ऐकून मी मुलांसमोरच रडले.

जान्हवी मॅडमचा मेसेज आला. कामावरून काढलेलं नाही. खाऊचं काम माझ्याकडून काढून शकुकडे दिलं आहे, तिच्याबरोबर रोज एक पालक चाखणार. बरोबरच आहे. पवईच्या ट्रेनिंगचं विचार करून कळवते म्हणाली. हेही बरोबर आहे.

तोच दिवस, संध्याकाळ

मुलांना सांगितलं म्हणजे विक्रोळीला सांगितलं. मीराचा बाप भीमराज रिक्षा स्टँडवर बोलणार, तिथून ह्यांच्या कानावर जाणार. त्यांनी तिसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून चहा ठेवला आणि समोर बसले.  चार वर्षांचं खोटं, तेही आजारातून उठलेल्या माणसाशी.

सांगितलं. उसळीपासून सुरुवात केली आणि दारातल्या त्या 'हो'पर्यंत मागे गेले. हे कपातल्या चहाकडे बघत राहिले. मग म्हणाले, माहीत आहे.

काय माहीत आहे? कधीपासून?

हे मालवणीत शिरले म्हणजे मला कळतं की मनातलं बोलतायत. म्हणाले, "आजारातसून उठल्यावर एक दिवस खाली जावन सिगरेट ओढलंय मी. बडीशेप नाय, हात धुवक नाय. तसोच इलंय. तू चाय दिलंस." थांबले. "भांडलंस नाय गो. तेवाच माका कळला."

 ते म्हणाले, तू हो म्हटलंस म्हणजे मला कळू नये असं तुला वाटत होतं, मग मी कशाला विचारू? त्या दिवशी घरभर धूर घेऊन आलो आणि पकडणारं कोणी नाही. भीतीच वाटली. त्यानंतर ओढवलीच नाही.

आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. मांजर. कोळणी. गॅसपाशी उभं राहणं. मीटिंगमधलं जळकं रबर. आल्याआल्या सांगायचे ते, कोणाकडे सुकट भाजतायत, कोणी धूप लावलाय. मी त्याला रिटायर माणसाची बडबड म्हणत होते. हा माणूस चार वर्षं रोज माझ्यासाठी अख्ख्या बिल्डिंगचे वास वर घेऊन येत होता, आणि मी त्याला म्हणायची, पाय धुवा आधी.

विचारलं, आता कसला येतोय? ते म्हणाले, चांगलो येता. मी म्हटलं, असं नाही चालत, चार वर्षांची मीरा तुमच्यापेक्षा बरं सांगते. नीट सांगा. त्यांनी खिडकीकडे नाक केलं, बराच वेळ विचार केला. म्हणाले, तुझ्या चहात आलं जास्त पडलंय, खालच्या मजल्यावर गणपतीच्या मखराला ऑइलपेंट लावतायत, आणि खाडीचा वारा आज उलटा आहे, डंपिंग नाही.

मग मला आठवलं. मी विचारलं, ती सिगरेट आणली कुठून होती? ऑक्सिजनवरून उठून किती दिवस झाले होते तेव्हा? खालच्या टपरीवाल्याने दिलीच कशी?

आणि मी भांडले. चार वर्षांपूर्वीच्या त्या एका सिगरेटसाठी, आत्ता, मनापासून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं. डॉक्टर काय म्हणाले होते, मी त्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर कशी बसून होते, काही काही ठेवलं नाही. शेजारीण दारापर्यंत येऊन परत गेली. हे कप हातात धरून ऐकत होते. चेहरा असा झाला होता की जणू हरवलेलं काहीतरी घरात सापडलंय.